माळवदावरची माती

कावेरीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. कावेरी म्हणजे माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन औरंगाबादच्या सिडकोत राहते, शाळेत शिकवते. शाळेच्या घाईत ती सकाळी कधी फोन करत नाही. "मामा," ती म्हणाली, "तुमचे दाजी गेले." एवढंच. बाबा गेले असं नाही म्हणाली. तुमचे दाजी! जणू एखाद्या लांबच्या नातेवाइकाची बातमी ती मला पोचवत होती. मी विचारलं, कुठं, कसे? पैठणच्या पुढं एका खेड्यात, कुणाच्या तरी माळवदावर चढले होते, माळवद खचलं आणि त्याच्यासकट खाली आले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद सापडला. त्यावर एकच नंबर होता, कावेरीचा. गावातल्या कुणीतरी तो फिरवला होता. बारा वर्षांत त्या नंबरावर दाजींनी स्वतः एकदाही फोन केला नव्हता, कारण तिनं तशी मनाई केली होती.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. हा लेख लिहायला कावेरीनंच मला बसवलं आहे. लिहा म्हणाली, आणि त्यात एक ओळ खोटी आली तर याद राखा. म्हणून जे जसं झालं तसंच लिहितो आहे. माझी बाजू यात फारशी चांगली दिसणार नाही.

अंकुशराव हे त्यांचं नाव. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणायचो, पुढं सगळेच म्हणायला लागले. त्या दिवशी मी खेड्यात पोचलो तेव्हा त्यांना ओट्यावर ठेवलं होतं. अंगावर चादर होती, पण पाय बाहेर होते आणि पायांवर पांढरी माती थापल्यासारखी बसली होती. मातीखाली छाती दबून गेली होती. घराची मधली खोली आभाळाला उघडी पडली होती, तुटलेली तुळई तिरकी उभी होती. त्या घरची बाई डोक्यावर पदर घेऊन माझ्यापुढं आली आणि रडता रडता मला सांगायला लागली, "आमाला समद्यांला आधी भाईर काढलं हो. म्हातारीला खाटंसकट भाईर नेलं. शेरडं सोडली. माझी पोरगी आत चार्जर आणायला गेली तर तिच्या पाठीत धपाटा घातला अन् ढकलून दिली. मंग वर चढले..." चादर बाजूला करून मी तोंड बघितलं. ओठ जरा उघडे होते आणि वरचा पुढचा दात नव्हता. तो दात मी पाडला होता. एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वी.

ज्यांचा जन्म सिमेंटच्या घरात झाला त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्या मराठवाड्यात जुनी घरं दगड-मातीची. भिंती हात-दीड हात जाड. त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाचोळा आणि त्यावर दाबून बसवलेली पांढरी माती. हे माळवद. उन्हाळ्यात आत इतकं गार की पंखा नको. फक्त पावसात गळायचं. मग काय करायचं, तर दरवर्षी मृगाच्या आधी वर मातीचा नवा थर घालायचा. जुनी माती आधी उतरवावी आणि मग नवी घालावी हा नियम सगळ्यांना तोंडपाठ. पण उतरवायला दोन-तीन दिवस जातात, टाकायला एक पुरतो. त्यामुळं बाप टाकायचा, मुलगा टाकायचा, नातू टाकायचा आणि उतरवायचं राहून जायचं. घराघरांच्या डोक्यावर असं पिढ्यान् पिढ्या ओझं चढत गेलं. त्याखाली लोक निवांत झोपायचे.

माझी बहीण अक्का उस्मानाबादकडं, लातूरच्या शिवेजवळच्या एका गावात दिली होती. त्र्याण्णवच्या मे महिन्यात तिचा निरोप आला की माझ्या खाटेच्या नेमकं वर गळतं, यंदा तू ये. दाजींना ट्रॅक्टरच्या कामासाठी चार दिवस तुळजापूरला जायचं होतं. निघताना त्यांनी मला वर नेऊन दाखवलं. टाच आपटली, म्हणाले, "बाळू, आधी ही जुनी समदी उतरव. मगच नवी टाक. लई चढलीया. दोन दिस जास्ती लागू दे, पण वजन वाढवू नको." मी हो म्हणालो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, औरंगाबादला कंपनीत नवा नवा लागलेलो आणि कंपनीच्या कबड्डीच्या संघात चढाईला होतो. रविवारी चिकलठाण्याला सामना होता. जुनी माती उतरवत बसलो असतो तर सामना बुडाला असता. एका दिवसात मी बैलगाडीनं माती आणली, वर चढवली, पाणी मारून चोपली आणि हात धुतले. अक्का खाली उभी राहून बघत होती. मी म्हणालो, "दाजींना सांगू नको, पुढल्या वर्षी मीच येऊन उतरवतो." ती हसली. "जा, खेळ तुझा सामना. मी काय सांगत नसते." दाजींनी नंतर मला पत्र लिहून विचारलं, उतरवलीस ना? मी उत्तर पाठवलं, हो, सगळी. सामना आम्ही जिंकलो. त्या पावसाळ्यात अक्काचा निरोप आला की माळवद थेंबभरसुद्धा गळलं नाही, खाट पुन्हा त्याच जागी ओढली, शाब्बास माझ्या भावा.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे जमीन हलली. काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दोन वर्षांच्या कावेरीला त्या रात्री ताप होता. ती रडायची थांबेना म्हणून दाजी तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होते. अक्का दिवसभराची दमलेली, आत झोपली होती. दाजींनी पुढं एकदाच मला त्या क्षणाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, आधी आवाज आला. जमिनीच्या पोटातून गाडी गेल्यासारखा. मग पायाखालून कुणी सतरंजी ओढावी तसे ते पडले, पोरीवर ओणवे झाले आणि वर बघितलं तर समोर घर नव्हतं. धूळ होती. भिंतीचे दगड एकमेकांपासून सुटून बाहेरच्या बाजूला आणि माळवद सरळ खाली. सबंध गावातून एकच आवाज आला आणि मग जे किंचाळणं सुरू झालं ते...  इथं ते थांबले होते. 

मी ट्रक बदलत बदलत दुपारी पोचलो. गावाच्या जागी ढिगारे होते, गल्ल्या कळत नव्हत्या. दाजींचं घर मी अंगणातल्या लिंबावरून ओळखलं. पावसाची भुरभुर लागली होती आणि दाजी नुसत्या हातांनी उकरत होते. त्यांची नखं निघाली होती. शेजारच्या एका बाईनं कावेरीला पोटाशी धरलं होतं. मी उडी घेतली. आम्ही दोघं आणि नंतर आलेले तीन-चार जवान, असे तासन्‌तास उकरत राहिलो. पहारीनं मातीचा एक मोठा तुकडा उलटला तेव्हा त्याची कड माझ्यासमोर आली. खाली काळपट जुने थर, एकावर एक, भाकरींच्या चवडीसारखे. आणि सगळ्यात वर एक वीतभर पांढराशुभ्र थर. माझा. जुनी माती उतरवली असती तर तिथं फक्त तोच दिसला असता. दाजींनी त्या कडेकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि पुन्हा उकरायला लागले. अक्का संध्याकाळच्या आधी सापडली. खाटेवरच होती. चेहरा ओळखू येत होता, बाकीचं मी लिहीत नाही.

आणि मग मी दाजींना मारलं. जवानांनी तिला उचलून बाजूला नेलं आणि मी वळलो आणि त्यांच्या तोंडावर ठोसा हाणला. चढाई करणाऱ्याचे हात होते माझे. ते खाली बसले. मी त्यांच्या छातीवर बसून मारत राहिलो. ओरडत होतो, "तुझ्या घरानं खाल्ली माझी बहीण! तू भाईर अन् ती आत! तू का न्हाई मेलास?" ते दोन्ही हात बाजूला सोडून पडून होते. एकदाही हात वर केला नाही. त्यांच्या तोंडातून रक्त आलं, दात तुटून चिखलात पडला, तेव्हा एका जवानानं मला मानगुटीला धरून ओढलं. मी का मारलं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी त्या मातीकडं बघितलं होतं म्हणून. त्यांचे डोळे मला बंद करायचे होते. अक्काला आम्ही तिच्याच घराच्या दारांवर आणि तुळयांवर जाळलं. त्या दिवशी गावात दुसरं लाकूड नव्हतंच. ज्या तुळईनं तिला मारलं तिनंच तिला जाळलं, आणि अग्नी देताना दाजींचा ओठ एवढा सुजला होता की भटजीच्या मागं त्यांना मंत्र म्हणता येईना.

नव्या वसाहतीत सरकारनं घर दिलं. दाजी त्यात एक दिवसही झोपले नाहीत. कावेरीला त्यांनी माझ्याकडं औरंगाबादला आणून सोडलं, माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. ते स्वतः शेंद्र्याच्या रस्त्याला रज्जाकभाईंच्या मोकळ्या प्लॉटवर राखण करायला राहिले. रज्जाकभाईंचं शहागंजमध्ये फावडी, टिकाव, घमेली असल्या लोखंडी सामानाचं दुकान आहे, प्लॉटवर त्यांच्या सळया असायच्या. त्यांनी पक्की खोली बांधून देतो म्हटलं तर दाजी म्हणाले, पत्रा द्या. "पत्रा पडला तर खोक पडंल, जीव नाय जायाचा." पत्र्याची ती खोली, दाराशी एक लोखंडी स्टूल. स्टुलावर उपडा तांब्या, तांब्यावर उपडा पेला, पेल्यावर वाटी आणि वाटीवर झाकणी. जमीन जरा जरी हलली तरी ही उतरंड खणखणून खाली येणार आणि माणूस जागा होणार, हा त्यांचा हिशोब. कावेरीला ते रविवारी तिथं न्यायचे आणि तालीम द्यायचे. स्वतःच स्टुलाला धक्का मारायचे, भांडी पडली की दोघांनी बाहेर धावायचं, वरच्या विजेच्या तारेपासून लांब उभं राहायचं, आणि लगेच आत यायचं नाही. सात-आठ वर्षांची असेपर्यंत तिला तो खेळ वाटायचा. रज्जाकभाई म्हणायचे, "अंकुशभाऊ, मांजर गई तो भी तुम रस्ते पे खडे रहते. ऐसा जीना कैसा होता मियाँ?" दाजी म्हणायचे, "उभा तर ऱ्हातो ना."

दरवर्षी मार्च ते मे दाजी राखण सोडून गायब व्हायचे. रज्जाकभाईंच्या दुकानातलं एक फावडं आणि एक टिकाव घेऊन गावोगाव हिंडायचे. ज्या घरावर माळवद दिसेल तिथं जायचे, म्हणायचे, वर किती माती हाय बघू द्या. मोबदला घ्यायचे नाहीत, भाकरी घ्यायचे. लोकांना आधी हा माणूस वेडा वाटायचा. गार घर उन्हाळ्यात उघडं पाडू द्यायला कोण तयार होतं? मग दाजींचं डोकं फिरायचं. ते शांत माणूस होते असं मी लिहिलं तर ती खोटी ओळ होईल. भूकंपानंतर त्यांच्यात एक राग येऊन बसला होता, आणि तो सगळा भिंतींवर आणि छपरांवर निघायचा. एका गावात त्यांनी न विचारता पहाटेच कुणाच्या तरी माळवदावर चढून टिकाव घातला, घरच्यांनी काठ्यांनी झोडपलं. दुसऱ्या ठिकाणी माळवदावर नवी माती टाकणाऱ्या एका तगड्या पाटलाची त्यांनी गचांडी धरली आणि त्याला त्याच्याच घमेल्यात डोकं घालायला लावलं. त्यापायी पोलीस पाटलाच्या ओट्यावर दिवस काढला. डोक्याला टाके, बरगडीला पट्टा, असे ते जूनमध्ये परत यायचे. मी म्हणायचो, दाजी, कशाला? ते म्हणायचे, यंदा अकरा घरं हलकी केली.

एका वर्षी मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेलो. पैठणकडचंच गाव होतं, दुसरं. पारावर पंधरा-वीस माणसं जमली होती, एक म्हातारा हुज्जत घालत होता. "आमच्या आज्यानं माती टाकली, बापानं टाकली, आमी टाकतो. भूकंप देवाच्या हातात. तुमी कोन सांगणार?" दाजी म्हणाले, "मी कोन ते सांगतो. मी आळशी मानूस. माझ्या बायकोच्या डोक्यावर मी माती टाकली. आधी जुनी उतरवायची व्हती, दोन दिस वाचवायला म्हणून उतरवली नाय. तीच माती तिच्या अंगावर आली. देवानं जमीन हलवली व्हय, पर वजन मी ठेवलं व्हतं." मी त्यांच्या हातभर अंतरावर उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हातारा उठला आणि म्हणाला, चला, शिडी लावतो.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. बिडकीन आलं तेव्हा कुठं तोंड उघडलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिशी. माती बघितली की."

"मग मी मारत होतो तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुला कायतरी मारायचंच व्हतं. मी नसतो तर तू भितीवर डोकं आपटलं असतंस." थोड्या वेळानं म्हणाले, "अन् भित कुठं उरली व्हती?" दाताच्या त्या फटीतून ते चक्क हसले. मी रडायला लागलो तर मांडीवर एक जोरदार थाप मारली. "गप. दुसऱ्यानं केलं म्हणलं की लोकं च्च च्च करत्यात अन् घरी जात्यात. मीच केलं म्हणलं की आपल्या घराकडं बघत्यात. एवढंच हाय ते." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "कावेरीला कळू देऊ नको. तिला घर तुझं हाय. मामा गेला तर कुठं जाईल पोर?"

त्या वेळी मला वाटलं, हा त्यांचा मोठेपणा आणि ही माझी सुटका. सुटकाच होती ती, मी दोन्ही हातांनी घेतली. पण पारावर सांगितलेली गोष्ट पारावर राहत नाही. कावेरी कॉलेजात असताना तिची एक मैत्रीण सुट्टीत गावी गेली आणि ऐकून आली. कावेरी तडक शेंद्र्याच्या प्लॉटवर गेली आणि तिनं विचारलं, खरं का? दाजी म्हणाले, खरं. ती घरी आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, मामा, तुम्ही इतकी वर्षं या माणसाला घरात कसं येऊ दिलंत? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आता तुम्ही म्हणाल, तिथंच का नाही सांगितलं? ती सज्ञान होती, नोकरी तोंडावर होती, घर जाण्याची भीती उरली नव्हती. भीती मला होती. तिच्या नजरेतून उतरण्याची. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

तिच्या लग्नात कन्यादान मी आणि बायकोनं केलं. आंतरपाटामागं मामा म्हणून उभा मीच, फेटा बांधून. दाजींना तिनं मांडवाच्या मागच्या बाजूला बसायला सांगितलं होतं. अक्षता पडत असताना मी मान वळवून बघितलं तर ते बसलेले नव्हते. मांडवाचा एकेक खांब धरून हलवून बघत होते, दोर पक्का आहे का, पोरीच्या डोक्यावर काही येणार तर नाही ना. त्या दिवशी मी त्यांच्या हाता-पाया पडलो, म्हणालो, आज सांगतो. त्यांनी माझा दंड एवढा दाबला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ होते. "आज तिचा दिस हाय. तुझा नाय." मग तो दिवस माझा कधीच आला नाही, कारण मी तो आणला नाही.

त्यानंतरचं एकच सांगतो. गेल्या काही वर्षांत हिंगोली-नांदेडकडून अधूनमधून धक्के जाणवतात. लोक ग्रुपवर विचारतात, तुम्हाला जाणवला का, कुणी हसण्याची चिन्हं टाकतं आणि चहा प्यायला बसतं. मी तेव्हा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन शेंद्र्याजवळ घर बांधत होतो, खाली गाड्या आणि वर दोन मजले. असाच एक हलका धक्का बसला आणि तासाभरात दाजी घण घेऊन साइटवर हजर. नव्या खांबाचं सिमेंट त्यांनी पायथ्याशी फोडायला घेतलं. मी धावलो, मिस्त्री धावला. आतली सळई उघडी पडली. तिच्याभोवतीच्या रिंगा वीत-वीतभर अंतरावर, टोकं आत वळवलेली नाहीत. "हे बघ. चार चार बोटांवर पायजे. हिसका बसला की हे समदं सुटणार." मजूर बघत होते, शेजारी बघत होते, कावेरीचा नवराही आलेला होता. मला अपमान वाटला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "एक घर पाडून झालं ना? आता हेही पाडा!" कुणाचं घर कुणी पाडलं होतं हे माहीत असलेली दोनच माणसं जगात होती आणि दोघंही तिथं उभी होती. दाजींनी घण खाली टेकवला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी तळहातावर थुंकी टाकली, घण उचलला आणि खांब पुरता आडवा करेपर्यंत थांबले नाहीत. बाकीचे खांब मी पुढच्या आठवड्यात स्वतः फोडून घेतले. आज मी ज्या खोलीत बसून लिहितो आहे तिचे खांब त्यांनी सांगितले तसेच आहेत.

तेरावा झाल्यावर रज्जाकभाईंनी निरोप पाठवला की खोली उघडायला या. कावेरी यायला तयार नव्हती, मी तिला ओढून नेलं. रज्जाकभाई आता ऐंशीच्या घरात आहेत, कुलूप काढून ते बाहेर सळयांवर बसले. आत एक पथारी, दोन सदरे, भिंतीला टेकवलेलं झिजलेलं फावडं. आणि दाराशी स्टूल. तांब्या, पेला, वाटी, झाकणी. जाताना ते रचून गेले होते.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. कबड्डी, पत्र, मातीची कड, एसटी, सगळं. कावेरीनं मधे एकदाच विचारलं, "त्यांना कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि माझ्या लग्नात तुम्ही..."

"तेव्हाही माहीत होतं. दोघांनाही."

तिनं माझ्या कानाखाली मारली. मग दुसऱ्या बाजूला. मग मुठी वळल्या आणि ती छातीवर, खांद्यावर, तोंडावर, हात पोचेल तिथं मारत सुटली. तिची बांगडी फुटून माझ्या गालात घुसली. ती ओरडत होती, शब्द नव्हते, नुसता आवाज होता. त्र्याण्णव साली त्या गावातून असा आवाज आला होता. मी हात खाली सोडून उभा होतो. ते कुणाकडून शिकलो ते सांगायला नको. बाहेरून रज्जाकभाई हाका मारत होते, "बेटी! क्या हुआ बेटी?" तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं, माझी पाठ पत्र्यावर आदळली, सगळी खोली हादरली आणि दाराशी तांब्या, पेला, वाटी, झाकणी खणखणत खाली आली.

पुढचं आम्ही केलं नाही, झालं. तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघं बाहेर धावलो. प्लॉटच्या मधोमध येऊन ती थांबली, वर बघितलं, डोक्यावरून तार जात होती. तिनं मला हिसका देऊन चार पावलं बाजूला ओढलं आणि मग हात सोडला. आत झाकणी अजून गोल फिरत वाजत होती, ती वाजायची थांबली. माझ्या गालावरून रक्त येत होतं. काय करावं ते न सुचून मी भांडी उचलायला खोलीकडं वळलो.

"थांबा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "लगेच आत जायचं नसतं. बाबा म्हणायचे, दुसरा धक्का मागनं येतो. पंधरा मिनिटं उभं राहायचं."

रज्जाकभाईंनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो.